निनांवी थडग्यांचें गाणें

इ. स. १९०३ च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत टटवाइलर नांवाच्या एका लहानशा स्टेशनावर एक बँडमास्तर रात्रीच्या वेळीं आगगाडीची वाट पाहत बसला होता. गाडीला कित्येक तास उशीर झाला होता व बसल्या जागींच त्याला डुलकी लागली होती. इतक्यांत कसल्याशा विलक्षण सुरांनीं तो जागा झाला. पाहतो तों शेजारीं एक हडकुळा कृष्णवर्णीय मनुष्य गिटार घेऊन बसलेला. अंगावर चिंध्या, फाटक्या जोड्यांतून पाय बाहेर डोकावणारे. तो गिटारीच्या तारांवर चाकू दाबून सरकवीत होता आणि एकच ओळ तीन तीन वेळां घोळून म्हणत होता. दोन रेल्वेमार्ग जेथें एकमेकांस छेदतात त्या ठिकाणीं आपल्याला जावयाचें आहे, एवढाच त्या ओळीचा आशय. असें संगीत त्या बँडमास्तरानें पूर्वीं कधीं ऐकलें नव्हतें.

या बँडमास्तराचें नांव विल्यम ख्रिस्तोफर हँडी. पुढें तो 'ब्लूजचा जनक' म्हणून जगप्रसिद्ध झाला आणि १९४१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यानें त्या रात्रीची हकीकत लिहून ठेविली. स्टेशनाचें नांव त्यांत आहे, रेल्वेमार्गांचा उल्लेख आहे, चाकूहि आहे. नाहीं तें फक्त त्या गाणाऱ्याचें नांव.

ब्लूज या संगीतप्रकाराच्या इतिहासाचें मर्म या एका प्रसंगांत सांठविलेलें आहे. हें संगीत ज्यांनीं निर्माण केलें तीं माणसें बहुधा दरिद्री आणि अल्पशिक्षित होतीं. त्यांचें गाणें साऱ्या जगभर गेलें. पण त्याचा मोबदला त्यांच्या हातीं क्वचितच पडला, आणि कित्येकांच्या थडग्यांवर नांवाचा दगडहि बसला नाहीं. म्हणून ब्लूजचा इतिहास वाचतांना गाण्याबरोबर गाणाऱ्याचें काय झालें, हेंहि प्रत्येक वेळीं विचारणें अवश्य आहे.

'ब्लू' म्हणजे निळा. परंतु इंग्रजी भाषेंत त्या शब्दाला खिन्नतेचीहि छटा आहे. ही खिन्नता कोठून आली, तें समजण्यासाठीं मिसिसिपीच्या 'डेल्टा' भागाकडे पाहिलें पाहिजे. हा डेल्टा म्हणजे नदीच्या मुखाशीं असणारा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी व याझू या दोन नद्यांमधील ती सपाट, काळी, सुपीक भूमि होय. १८६५ सालीं अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली. तथापि सुटलेल्या गुलामांना जमीन मिळाली नाहीं. ते त्याच कापसाच्या मळ्यांत अर्धेलीनें राबूं लागले. बीं, धान्य व कपडे मालकाच्या दुकानांतून उधारीवर घ्यावयाचे आणि हंगामाच्या अखेरीस मालकाच्या वहींतील हिशेब मुकाट्यानें मान्य करावयाचा, असा तो क्रम होता. बहुतेक वेळां कुळाच्या अंगावर बाकीच निघे. १८९५ सालीं वसविण्यांत आलेला डॉकरी यांचा मळा अशांपैकींच एक. चार्ली पॅटन हा डेल्टा-ब्लूजचा आद्य गायक त्या मळ्यावर वाढला. शेतांत काम करतांना एकमेकांना घातलेल्या दीर्घ हांका, मजुरांचीं श्रमगीतें, प्रार्थनामंदिरांतील भजनें आणि शनिवारच्या रात्रीचा नाच, इतक्यांच्या मिश्रणांतून हें गाणें उगवलें.

त्याची घडण साधी आहे. चार चार मात्रांचे बारा खंड. त्यांत तीन ओळी. पहिली ओळ म्हणावयाची, तीच पुन्हां म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळींत तिला उत्तर द्यावयाचें. प्रत्येक ओळीनंतर गळा थोडा थांबतो आणि त्या मोकळ्या जागेंत गिटार बोलते. भारतीय संगीताच्या परिभाषेंत सांगावयाचें तर या गाण्यांतील गांधार व निषाद हे ना पुरते कोमल, ना पुरते शुद्ध. पियानोवर त्या सुरांसाठीं पट्टीच नाहीं. चाकूची पाठ अथवा बाटलीची फोडलेली मान तारेवरून सरकविली, तर मात्र ते सांपडतात. कारण त्या घासण्यानें जी मींड निघते ती दोन पट्ट्यांच्या मधला सारा प्रदेश चालून जाते. टटवाइलरच्या स्टेशनावर हँडी जागा झाला तो याच मींडेनें.

हँडी हा धर्मोपदेशकाचा मुलगा. लहानपणीं त्यानें पैसे सांठवून एक गिटार विकत आणली, तेव्हां असलें पापी वाद्य घरांत नको म्हणून वडिलांनीं ती परत करावयास लाविली आणि तिच्या मोबदल्यांत शब्दकोश घेवविला! वडिलांची शिक्षा एका अर्थानें उपयोगी पडली. हँडीला लिहितां येत होतें. गाणें स्वरलिपींत उतरवितां येत होतें. १९१२ सालीं त्यानें 'मेंफिस ब्लूज' छापून प्रसिद्ध केलें. परंतु व्यवहार कच्चा असल्यामुळें त्याचे हक्क अगदीं अल्प किंमतीस विकून टाकिले, आणि दुसऱ्यांनीं त्यावर भरपूर पैसा मिळविला. या धड्यावरून शहाणा होऊन १९१४ सालीं 'सेंट लुई ब्लूज' त्यानें स्वतःच्याच संस्थेतर्फें प्रसिद्ध केलें. त्या गाण्यानें त्याचा पुढील संसार चालविला. ज्याला करारपत्र वाचतां येत होतें तोहि प्रथम फसला. मग ज्याला अक्षरओळखच नव्हती, त्याची काय कथा?

छापील कागदावर मींड उतरत नाहीं. ब्लूज खऱ्या स्वरूपांत पसरावयाचें तर त्याला ग्रामोफोनची तबकडीच हवी होती. परंतु कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेत नाहींत, अशी कंपन्यांची ठाम समजूत होती. पेरी ब्रॅडफर्ड नांवाचा एक कृष्णवर्णीय गीतकार या कंपन्यांचे उंबरठे झिजवीत होता. अखेर ओके कंपनीनें त्याचें ऐकिलें. १० ऑगस्ट १९२० रोजीं न्यूयॉर्क येथें मेमी स्मिथ या गायिकेनें ब्रॅडफर्डचें 'क्रेझी ब्लूज' हें गाणें गायिलें आणि थोड्याच महिन्यांत त्या तबकडीचा खप हजारोंच्या संख्येनें झाला. एका दिवसाच्या त्या कामानें बाजाराची समजूत उलटीपालटी झाली. सगळ्या कंपन्या कृष्णवर्णीय गायिकांच्या शोधास लागल्या. मात्र त्यांच्या तबकड्यांची यादी निराळी, जाहिरात निराळी, दुकानेंहि बहुधा निराळीं. आगगाडीच्या डब्यांत जी पंक्तिभेदाची रेघ ओढलेली होती, तीच आतां सुरांवरहि ओढली गेली.

या लाटेवर जी सर्वांत उंच चढली ती बेसी स्मिथ. चॅटनूगा गांवची ही पोरकी मुलगी भावाबरोबर रस्त्यावर गाऊन चार पैसे मिळवीत असे. १९२३ सालीं कोलंबिया कंपनीनें तिची पहिली तबकडी काढिली व तिच्या लाखों प्रती खपल्या. १९२५ सालीं तिनें हँडीचेंच 'सेंट लुई ब्लूज' लुई आर्मस्ट्राँगच्या कॉर्नेटच्या साथीनें गायिलें. ध्वनिवर्धकाची गरज न भासणारा तिचा आवाज होता. लोक तिला ब्लूजची सम्राज्ञी म्हणत. पण सम्राज्ञीला मिळत असे तो दर गाण्यामागें ठरलेला आंकडा. खपाचा नफा कंपनीचा.

पुरुष गायकांची पाळी थोडी उशिरा आली, आणि तीहि मोठ्या गमतीच्या वाटेनें. विस्कॉन्सिन संस्थानांत खुर्च्या तयार करणारी एक कंपनी होती. ती ग्रामोफोनच्या लांकडी पेट्या करूं लागली. पेट्या खपाव्या म्हणून तबकड्याहि काढूं लागली. या तबकड्यांचें नांव पॅरामाउंट. १९२६ सालीं या खुर्चीवाल्यांनीं टेक्ससमधील एका अंध भिक्षेकरी गायकाला शिकागोस आणून गावयास बसविलें. त्याचें नांव ब्लाइंड लेमन जेफर्सन. साथीला केवळ स्वतःची गिटार. चार वर्षांत त्याचीं शंभराच्या आसपास गाणीं निघालीं आणि दक्षिणेंतील खेड्यापाड्यांत तो घरोघर पोंचला. त्याचें एक गाणें फार प्रसिद्ध आहे. मरणोन्मुख मनुष्य त्यांत एकच मागणें मागतो: माझें थडगें स्वच्छ ठेवा. १९२९ च्या डिसेंबरांत, शिकागोच्या कडाक्याच्या थंडीत, लेमन वारला. त्याचें प्रेत टेक्ससमध्यें वॉर्टम गांवीं नेऊन पुरण्यांत आलें. ज्यानें लोकांपाशीं एवढेंच मागितलें होतें, त्याच्या थडग्यावर १९६७ सालापर्यंत नांवाची खूणहि नव्हती. पुढें तेथें चांगला दगड बसला आणि २००७ सालीं त्या स्मशानभूमीलाच त्याचें नांव देण्यांत आलें. मागणें पुरें झालें खरें, पण त्यास जवळ जवळ ऐंशीं वर्षें लागलीं.

लेमन गेला त्याच वर्षीं अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला. ज्यांना भाकरीची भ्रांत पडली ते तबकड्या कोठून घेणार? पॅरामाउंटचें दुकान उठलें. त्यांचे तबकड्यांचे धातूचे साचे मोडींत विकले गेले. आज त्यांतील कित्येक गाण्यांची एखाददुसरीच झिजलेली तबकडी शिल्लक आहे. बेसी स्मिथचेंहि नशीब फिरलें. २६ सप्टेंबर १९३७ रोजीं पहांटे, मेंफिसहून क्लार्क्सडेलकडे येणाऱ्या रस्त्यावर, तिची मोटार एका मालमोटारीवर आदळली. तिचा उजवा हात जवळ जवळ तुटला. त्याच दिवशीं क्लार्क्सडेलच्या रुग्णालयांत तिनें प्राण सोडला.

या मृत्यूविषयीं एक दंतकथा आहे, आणि ती तपासून घेणें इष्ट आहे. गोऱ्यांच्या रुग्णालयानें तिला दारांतून परत पाठविलें, म्हणून ती मेली, असें वृत्त त्या वेळीं एका संगीतविषयक मासिकांत छापून आलें. पुढें त्यावर नाटकहि झालें. वस्तुतः तसें घडलें नाहीं. वाटेंत योगायोगानें आलेल्या एका गोऱ्या डॉक्टरानेंच तिच्यावर प्रथमोपचार केले, आणि तिला थेट कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयांत नेण्यांत आलें. परंतु ही खरी हकीकत त्या समाजाची निर्दोषता सिद्ध करते, असें कोणीं समजूं नये. गोऱ्यांच्या रुग्णालयानें तिला नाकारण्याचा प्रसंगच आला नाहीं. कारण तिला तेथें नेण्याचा विचार त्या प्रदेशांत कोणाच्या मनांतहि येणें शक्य नव्हतें. दंतकथेपेक्षां हें सत्य अधिक कठोर आहे.

फिलाडेल्फियांत तिच्या अंत्ययात्रेला हजारों लोक लोटले. दगड मात्र कोणीं बसविला नाहीं. तेहतीस वर्षांनीं, ७ ऑगस्ट १९७० रोजीं, तो बसला. त्याचा खर्च दोघींनीं वांटून घेतला. एक जॅनिस जॉप्लिन ही गोरी तरुण गायिका. दुसरी जुआनिटा ग्रीन, जी लहानपणीं बेसीच्या घरीं फरशी पुसण्याचें काम करीत असे.

दंतकथांचा खरा धनी रॉबर्ट जॉन्सन. मध्यरात्रीं चव्हाट्यावर सैतानाला आत्मा विकून त्यानें गिटारीची विद्या मिळविली, असें आजहि सांगतात. संशोधकांनीं शोधून काढलेली गोष्ट निराळी आहे. आइक झिमरमन नांवाच्या एका वादकाच्या घरीं राहून तो शिकला. रात्रीं कोणाची झोपमोड होऊं नये म्हणून गुरुशिष्य स्मशानभूमींत जाऊन रियाज करीत. सैतानाच्या कथेनें त्या रियाजाचें श्रेय मात्र हिरावून घेतलें. १९३६ च्या नोव्हेंबरांत सॅन अँटोनियो येथें आणि १९३७ च्या जूनमध्यें डॅलस येथें त्याचीं एकूण २९ गाणीं मुद्रित झालीं. १६ ऑगस्ट १९३८ रोजीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो ग्रीनवुडजवळ वारला. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागीं 'डॉक्टर नाहीं' एवढेंच लिहिलेलें आहे. त्याच वर्षीं २३ डिसेंबर रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा जलसा व्हावयाचा होता. चालक जॉन हॅमंड यानें जॉन्सनला बोलाविण्याचें ठरविलें, तेव्हां तो हयात नसल्याचें त्यास कळलें. मग रंगमंचावर ग्रामोफोन लावून त्याच्या तबकड्या श्रोत्यांस ऐकविण्यांत आल्या. जॉन्सनला पुरलें कोठें, याविषयीं इतका वाद माजला कीं ग्रीनवुडच्या आसमंतांत आज त्याच्या नांवाचे तीन दगड उभे आहेत.

जॉन्सनच्याच मागावर १९४१ च्या ऑगस्टमध्यें अॅलन लोमॅक्स हा संग्राहक डेल्टांत आला. बरोबर फिस्क विद्यापीठांतील कृष्णवर्णीय संगीतज्ञ जॉन वर्क होता. जॉन्सन नव्हता, पण स्टोव्हॉल मळ्यावर मकिन्ली मॉर्गनफील्ड नांवाचा एक ट्रॅक्टर हांकणारा गडी त्यांना भेटला. लोक त्याला मडी वॉटर्स म्हणत. त्याच्याच झोंपडींत त्यांनीं यंत्र मांडून त्याचें गाणें मुद्रित केलें व लगेच त्याला ऐकविलें. आपलाहि आवाज तबकडीवरच्या गवयांसारखाच आहे, हें त्याला त्या दिवशीं उमगलें. दोन वर्षांनीं, १९४३ मध्यें, मळ्यावरचें काम टाकून तो शिकागोची गाडी धरून निघून गेला. त्या काळीं दक्षिणेंतून लाखों कृष्णवर्णीय कामगार उत्तरेंतील कारखान्यांकडे जात होते. त्यांतलाच हा एक. शिकागोच्या पानगृहांतील गोंगाटांत साध्या गिटारीचा आवाज पोंचेना, तेव्हां त्यानें विजेची गिटार घेतली. १९४८ सालच्या त्याच्या तबकडीनें डेल्टांतील मींड शहराच्या विद्युत्प्रवाहांतून वाहूं लागली. १९५८ सालीं तो इंग्लंडांत गाऊन आला. १९६२ सालीं लंडनच्या कांहीं तरुणांनीं त्याच्याच एका गाण्यावरून आपल्या वाद्यवृंदाचें नांव 'रोलिंग स्टोन्स' ठेविलें. मिसिसिपीच्या झोंपडींतलें गाणें समुद्रापलीकडे जाऊन, गोऱ्या कंठांतून, अमेरिकेलाच परत मिळालें. लोमॅक्सची कीर्ति झाली. परंतु जॉन वर्कचीं टिपणें व हस्तलिखितें कपाटांत पडून राहिलीं, तीं २००५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. अनामिकतेचा हा शाप गाणाऱ्यांपुरताच नव्हता, संशोधकालाहि तो भोंवला.

एखादे वेळीं मात्र गाण्यानेंच गाणाऱ्याचा पत्ता सांगितला. मिसिसिपी जॉन हर्ट या शेतकऱ्यानें १९२८ सालीं कांहीं गाणीं मुद्रित केलीं. तीं फारशीं खपलीं नाहींत. तो घरीं परतला आणि जगानें त्याला मृत समजून सोडून दिलें. त्याच्या एका गाण्यांत ॲव्हलॉन हें गांवाचें नांव आलें होतें. तें नव्या नकाशांत सांपडेना. एका शोधकानें जुन्या नकाशांत तें हुडकून काढलें आणि १९६३ सालीं तो मिसिसिपींत त्या गांवीं जाऊन पोंचला. सत्तरीचा हर्ट तेथेंच होता. दुसऱ्याच्या शेतावर राबत होता. स्वतःची गिटारहि त्याच्यापाशीं उरली नव्हती. त्याच उन्हाळ्यांत न्यूपोर्टच्या संगीतोत्सवांत हजारों तरुणांनीं त्याचें गाणें ऐकिलें. १९६६ सालीं तो वारला. पस्तीस वर्षांच्या विस्मृतीनंतर त्याला लाभलीं तीं अवघीं तीन वर्षें.

शेवटचा प्रसंग पृथ्वीवरचा नव्हे. ३ डिसेंबर १९२७ रोजीं डॅलस येथें ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकानें एक गाणें मुद्रित केलें. तो रस्त्यावर उभा राहून ईश्वराचीं गीतें गात असे. ब्लूज गाणें त्यानें पाप मानलें असतें. पण त्याच्या गिटारीची मींड त्याच कुळांतली. येशूच्या अखेरच्या रात्रीच्या यातनांविषयींचें हें गाणें, पण त्यांत शब्द नाहीं. केवळ गुणगुणणें आहे, हुंदका आहे आणि त्यामागोमाग चालणारी तार आहे. १९४५ सालीं टेक्ससमधील बोमाँट गांवीं तो दारिद्र्यांत वारला. तो नेमका कोठें पुरला आहे, तें आज कोणालाहि दाखवितां येत नाहीं; २०१० सालीं स्मशानांत अंदाजानेंच एक स्मारकशिला उभारण्यांत आली.

१९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अंतराळांत सोडलीं. कधीं काळीं परक्या जीवसृष्टीशीं गांठ पडलीच तर मनुष्यजातीची ओळख पटावी, म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी बसविली. बाख व बीथोवेन यांच्या रचनांबरोबर तींत दोन गाणीं एकापाठोपाठ एक येतात. पहिलें सुरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, 'जात कहां हो'. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या आणि अल्लादियाखांसाहेबांपाशीं तालीम घेतलेल्या या गायिका यानें सुटल्यावर थोड्याच दिवसांत, १६ सप्टेंबर १९७७ रोजीं, निवर्तल्या. त्यांचा शेवटचा सूर विरतो न विरतो तोंच डॅलसच्या त्या अंध भिक्षेकऱ्याची तार बोलूं लागते.

२०१२ सालीं पहिलें यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलें आणि ताऱ्यांमधल्या अवकाशांत शिरलें. टटवाइलरच्या स्टेशनावर ज्यानें चाकूनें तार छेडली त्या माणसाचें नांव कोणीं विचारलें नाहीं. आतां तें विचारावयासहि कोणी उरलें नाहीं. पण ज्या मींडेनें हँडीची झोंप मोडली, तीच मींड एका अंधाच्या हातून मुद्रित होऊन आज तेथें चालली आहे. मागें राहिलेल्या माणसांचें काम त्या मानानें फार लहान आहे: ज्यांचीं नांवें कळलीं आहेत, तीं त्यांच्या गाण्यांबरोबर घ्यावीं, आणि थडगीं स्वच्छ ठेवावीं.